डायरेक्ट सेकंड इयर, पण मानसशास्त्राला!

'डीएसई' म्हणजे काय हे आपल्या कॉलेजात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. एका रात्रीत तीन शीट पाडणारी, वर्कशॉपच्या सरांशी बरोबरीने बोलणारी, आणि एम-थ्रीच्या नावाने मात्र पांढरी पडणारी जी मंडळी दुसऱ्या वर्षाला येऊन मिळतात, ती डायरेक्ट सेकंड इयरवाली. दहावीनंतर तीन वर्षे तंत्रनिकेतन, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश. आमच्या अंबडलाही शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथून निघालेला मुलगा कॅप राउंड, मेरिट नंबर, सीट अलॉटमेंट असं करत करत कुठल्यातरी मोठ्या कॉलेजात जाऊन बसतो. हा रस्ता पक्का डांबरी आहे. कुणाला विचारायची गरज पडत नाही, पाट्या लागलेल्या आहेत.

आता हाच प्रश्न मानसशास्त्राला लावून बघा. गावातल्या कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष करायचं आणि दुसऱ्या वर्षाला शहरात जाऊन सायकॉलॉजीची पदवी धरायची, असं जमतं का?

हा प्रश्न माझा नाही, माझ्या मावसबहिणीचा आहे. बारावी कला शाखेतून चांगल्या मार्कांनी पास, डोक्यात दोन वर्षांपासून मानसशास्त्र पक्कं. काकांची मोसंबीची बाग आहे, पण बागेचं तुम्हाला माहीतच आहे, एक वर्ष पाणी, एक वर्ष टँकर. संभाजीनगरला ठेवायचं म्हणजे खोली, मेस, फी, जाणं-येणं. काका म्हणाले, "एक वर्ष इथंच काढ, पुढच्या वर्षी बघू." आता 'पुढच्या वर्षी बघू' या शब्दांवर किती मुलींचं शिक्षण थांबलंय हे मी सांगायला नको. म्हणून तिने मला विचारलं, "दादा, तुमच्यात ते डायरेक्ट सेकंड इयर असतं, तसं आमच्यात नसतं का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. चार ठिकाणी विचारलं, नियम काढून वाचले, आणि त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी अशी एक बहीण नाहीतर भाऊ असतोच.

आधी थोडं लांबचं पाहू, कारण ही कल्पना तिकडे फार रुळलेली आहे. अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची दोन वर्षांची, गावोगावची, स्वस्त कॉलेजं असतात. घरी राहून दोन वर्षं तिथे शिकायचं आणि मग उरलेल्या दोन वर्षांसाठी विद्यापीठात बदली घ्यायची. कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये याचा कायदाच केला. ठरलेले विषय घेऊन ६० युनिटची 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' केली, की राज्याच्या विद्यापीठसमूहात कुठेतरी जागा मिळणारच, आणि तिथे साधारण आणखी ६० युनिटमध्ये पदवी. मानसशास्त्रासाठी त्या पहिल्या दोन वर्षांत तीन गोष्टी हमखास लागतात : मानसशास्त्राची ओळख, संख्याशास्त्र, आणि संशोधन पद्धती. म्हणजे नुसते ६० युनिट भरून चालत नाही, ते कोणते हे पाहिलं जातं. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याकडे पुढे हाच आडवा येणार आहे.

'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द भारतातही आहे बरं का. पुद्दुचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये असं कॉलेज काढलं, आणि पुढे यूजीसीनेही २०१३ च्या सुमारास त्याची योजना आणली. पण आपल्याकडे त्याचा अर्थ झाला रोजगाराचे, कौशल्याचे डिप्लोमा. तिथून मानसशास्त्राच्या पदवीकडे जाणारा सरळ जिना नाही. त्यामुळे आपल्यासाठी 'कम्युनिटी कॉलेज' म्हणजे खरं तर तालुक्याचं कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयच. घरून सायकलवर जाता येतं, फी परवडते, आणि सर वडिलांना ओळखतात (हा फायदा की तोटा, ज्याने त्याने ठरवावं).

आता मुख्य मुद्दा. जमतं का? जमतं. पण डीएसईसारखं नाही. कॅप राउंड नाही, राखून ठेवलेल्या जागा नाहीत, एक कॉमन फॉर्म नाही. इथे सगळं क्रेडिटच्या हिशेबावर चालतं, आणि तो हिशेब पहिल्या वर्षाला ॲडमिशन घेतानाच मांडावा लागतो. जूनमध्ये विषय निवडताना चूक झाली की पुढच्या जूनमध्ये कुणी काही करू शकत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर यूजीसीने २०२१ मध्ये 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू केली. कल्पना बँकेच्या पासबुकासारखीच. तुम्ही पास केलेल्या प्रत्येक विषयाचे क्रेडिट तुमच्या खात्यात जमा होतात, आणि दुसऱ्या संस्थेत गेलात तर तिथे वापरता येतात. डिजिलॉकरवर बारा आकडी नंबर मिळतो. हे क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतात. महाराष्ट्रात संलग्न महाविद्यालयांत ही नवी रचना २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झाली. त्याआधीच्या मुलांचं गणित वेगळं, ते इथे सोडून देतो.

राज्याच्या चौकटीप्रमाणे एका वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६. एका सत्राचे २२ धरून हिशेब करू. पहिलं वर्ष ४४, दुसरं संपेपर्यंत ८८, तिसरं संपेपर्यंत १३२.

आता क्रेडिट बँकेचा एक नियम असा की जे विद्यापीठ पदवी देणार, त्याच्याकडूनच किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले असावेत. १३२ चे निम्मे ६६. म्हणजे बाहेरून आणलेले जास्तीत जास्त ६६ चालतील. पहिलं वर्ष करून विद्यापीठ बदललं तर ४४ नेता येतात, काही वाया जात नाही. पण दोन वर्षं करून बदललं तर खात्यात ८८ असूनही चालणार ६६ च, २२ पाण्यात. म्हणजे अख्खं एक सत्र! गंमत बघा, चार वर्षांची ऑनर्स करायची असेल तर १७६ चे निम्मे बरोबर ८८ होतात, मग दोन वर्षांनंतरही बदल बसतो. अमेरिकेचं 'दोन अधिक दोन' आपल्याकडे बसवायचं तर ते असं, चार वर्षांच्या पदवीतच.

हा निम्म्याचा नियम विद्यापीठ बदलताना लागतो. अंबडचं कॉलेज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला संलग्न, आणि संभाजीनगरचंही त्याच विद्यापीठाला. दोन्हीकडे पदवी देणारं विद्यापीठ एकच. तेव्हा अंबडहून संभाजीनगरच्या कॉलेजात जाणं हे नुसतं कॉलेज बदलणं आहे. पुण्याला फर्ग्युसन किंवा स. प. मध्ये जायचं म्हटलं की मात्र विद्यापीठ बदललं, मायग्रेशन आलं, पात्रता विभाग आला, नवा नंबर आला. माझं स्पष्ट मत, पहिली उडी आपल्याच विद्यापीठात मारावी. पुण्याचं आकर्षण सगळ्यांनाच असतं, पण ते एम.ए.ला भागवता येतं.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. खरी मेख पुढे आहे.

क्रेडिट किती हा प्रश्न दुय्यम आहे. क्रेडिट कोणत्या विषयाचे हा खरा प्रश्न. पदवीवर 'मानसशास्त्र' हा मुख्य विषय म्हणून यायचा असेल, तर एकूण क्रेडिटपैकी निदान निम्मे त्या विषयाचे लागतात. आता समजा पहिल्या वर्षाला मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घेतलं. ४४ क्रेडिट जमा झाले, पासबुक भरलं, पण त्यात मानसशास्त्राचा एकही नाही. दुसऱ्या वर्षाला शहरातलं कॉलेज म्हणणार, "पहिल्या वर्षाचा सायकॉलॉजीचा पेपर कुठंय?" उत्तर नाही. मग एकतर पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरू करा, नाहीतर मानसशास्त्र विसरा. डिप्लोमा सिव्हिलला करून सेकंड इयर कॉम्प्युटरला गेलेल्या मित्राला विचारा, त्याला हे दुखणं नीट कळेल. फरक इतकाच की त्याला निदान घेतात तरी.

म्हणून पहिली गोष्ट, गावच्या कॉलेजचं प्रॉस्पेक्टस आणा आणि त्यात मानसशास्त्र आहे का ते पाहा. नुसतं छापलेलं असून उपयोग नाही, शिकवायला प्राध्यापक आहेत का, प्रात्यक्षिकं होतात का, तेही मागच्या वर्षीच्या मुलांना विचारा. अनेक विद्यापीठांच्या नव्या आराखड्यात पहिल्या वर्षी दोन-तीन मूळ विषय बरोबरीने घ्यायचे असतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यातला एक मेजर, दुसरा मायनर ठरतो. हीच ती फट, जिच्यातून आत शिरता येतं. पहिल्या वर्षाच्या त्या दोन-तीन विषयांत मानसशास्त्र बसवलं, की दुसऱ्या वर्षी शहरातल्या कॉलेजात ते मेजर करता येतं. आपल्या अभ्यासक्रमाचा आराखडा नेमका कसा आहे, ते विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्याच वर्षाचा कागद काढून वाचावं. मागच्या वर्षीचा नको, दरवर्षी काहीतरी हलतं.

कुणी म्हणेल, मग 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणून मानसशास्त्र घेऊ. इथे एक गोची आहे. राज्याच्या २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचाच घ्यायचा असतो. मानसशास्त्र बहुतेक ठिकाणी मानव्यविद्येत मोडतं. म्हणजे बी.एस्सी., बी.कॉम.च्या मुलांना ते ओपन इलेक्टिव्ह म्हणून मिळेल, पण बी.ए.वाल्यांना नाही! ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच दार बंद. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी... ही यादी वाचताना मला तर सेमिकंडक्टर कंपनीचा कॅटलॉग वाचतोय असं वाटत होतं. असो. बी.ए.वाल्याने मेजर नाहीतर मायनर याच दोन खणांत मानसशास्त्र शोधायचं.

आणि गावच्या कॉलेजात विषयच नसेल तर? तर माझा सल्ला कडू आहे. पहिलं वर्ष तिथे काढण्यात अर्थ नाही. काढायचंच असेल तर 'स्वयम्'वरून काही क्रेडिट आणता येतात का ते बघा. केंद्र सरकारचं हे पोर्टल २०१७ पासून चालू आहे, आणि यूजीसीच्या नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यावरून घेता येतात. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे मानसशास्त्रावरचे कोर्स आहेत, आपण तिथे मशीन लर्निंग पाहतो तसेच. मात्र कॉलेजने ते कोर्स आधी मान्य केले पाहिजेत. आधी कोर्स करून मग सर्टिफिकेट प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं तर ते "छान, अभिनंदन" म्हणतील, क्रेडिट देतीलच असं नाही. आणि प्रात्यक्षिकं तर मोबाइलवर होतच नाहीत.

प्रात्यक्षिक म्हटल्यावर आपल्यातले काही हसतील. सायकॉलॉजीला कसलं प्रॅक्टिकल? मीही तिचं पुस्तक चाळेपर्यंत असाच समज करून बसलो होतो. पण हा विषय प्रयोगशाळेतूनच जन्मला. व्हिल्हेम वुंट याने जर्मनीत लाइपझिगला १८७९ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तिथून हे शास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळं झालं असं मानतात. भारतात कलकत्ता विद्यापीठात १९१६ च्या सुमारास पहिला विभाग सुरू झाला, तोही प्रायोगिक मानसशास्त्राचा.

प्रयोग कसे असतात बघा. दोघांची जोडी, एक प्रयोगकर्ता आणि दुसरा 'प्रयुक्त', म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. म्युलर-लायर भ्रमाच्या प्रयोगात दोन रेषा असतात. एकीच्या टोकांना बाणाची पाती आत वळलेली, दुसरीची बाहेर. रेषा सारख्या असल्या तरी एक लांब दिसते. प्रयुक्ताने सरकपट्टी हलवून दोन्ही सारख्या करायच्या, आणि किती मिलिमीटर चुकला ते प्रयोगकर्त्याने लिहायचं. उजवीकडून सरकवत काही वेळा, डावीकडून काही वेळा, कारण हाताच्या दिशेचाही परिणाम होतो. मग सरासरी, प्रमाण विचलन, आलेख. आपण व्हर्नियरची झीरो एरर काढतो ना, तसंच माणसाच्या डोळ्याची एरर काढायची! फक्त इथे इन्स्ट्रुमेंट बदलून मिळत नाही.

दुसरा प्रयोग आरशातल्या चांदणीचा. कागदावर चांदणी छापलेली, हात पडद्याआड, चांदणी दिसते ती फक्त आरशात. पेन्सिल तिच्या दुहेरी रेषेच्या मधून फिरवायची. पहिल्या खेपेला माणूस घामाघूम होतो, पेन्सिल उलटीच पळते. दहाव्या खेपेपर्यंत वेळही कमी, चुकाही कमी. वेळ आणि खेपांचा आलेख काढला की अध्ययनाचा वक्र समोर येतो. एबिंगहाउस नावाच्या गृहस्थाने १८८५ मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरं पाठ करण्याचे प्रयोग करून विसरण्याचा वक्र काढला होता. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये मांडलेलं 'सात, दोन इकडे दोन तिकडे' हे आपल्या ताज्या आठवणीच्या क्षमतेचं माप यूजर इंटरफेस शिकताना आपल्यापैकी काहींनी ऐकलंही असेल.

हे सगळं जर्नलमध्ये लिहून, सही घेऊन, परीक्षेला बाहेरच्या परीक्षकासमोर व्हायव्हा द्यायचा. म्हणजे आपलंच की! तर सांगायचा मुद्दा हा की पहिल्या वर्षाची जर्नल हरवू नका. नव्या कॉलेजात "पहिल्या वर्षी काय काय केलं?" हे दाखवायला गुणपत्रिका पुरत नाही, अभ्यासक्रमाची छापील प्रत आणि जर्नल दोन्ही कामाला येतात. संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर ती पहिल्याच वर्षी काढावी. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-टेस्ट, एवढं तर लागतंच. या कामी इंजिनिअरिंगच्या भावाचा उपयोग करून घ्यावा. आमच्या घरी सध्या रविवारी फोनवर हाच तास चालतो.

भाषेचंही एक आहे. आपल्याकडे हा विषय मराठीतून शिकता येतो. अध्ययन, अभिसंधान, प्रबलन, बोधन असे शब्द पुस्तकात असतात. एम.ए.ला मोठ्या ठिकाणी गेलं की तेच लर्निंग, कंडिशनिंग, रीइन्फोर्समेंट, कॉग्निशन होऊन समोर येतात, आणि हुशार पोरगी गप्प बसते. तेव्हा पहिल्या दिवसापासून वहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहायचे. सुरुवातीला बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, ती जरूर वाचावीत.

आता एक दार बंद झालंय त्याविषयी. परवापरवापर्यंत अशा मुलांना सगळे एकच सल्ला द्यायचे, "काही नाही, मुक्त विद्यापीठातून कर." इग्नूची मानसशास्त्राची एम.ए. तर इंजिनिअर मंडळींतही लोकप्रिय होती, नोकरी सांभाळून करता यायची. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये यूजीसीने जाहीर केलं की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन शिकवता येणार नाहीत. आधार होता २०२१ चा संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा. बी.ए.सारख्या अनेक विषयांच्या पदवीत बाकीचे विषय चालू राहतील, फक्त मानसशास्त्राचं स्पेशलायझेशन काढायचं. निर्णय योग्य की अयोग्य? माणसांवर उपचार करणारा माणूस घरबसल्या तयार होऊ नये हे मलाही पटतं. पण अंबड, घनसावंगी, परतूरच्या मुलींसाठी मुक्त विद्यापीठ हाच एक स्वस्त रस्ता होता, आणि तो बंद करताना तालुक्याला दुसरा काढून दिला नाही, हेही तितकंच खरं. तर आता कुणी एजंट "घरी बसून सायकॉलॉजीची डिग्री, डायरेक्ट सेकंड इयर" असं सांगत आला, तर पैसे देण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठाचं आणि विषयाचं नाव तपासायचं. दोन्ही, नुसतं विद्यापीठाचं नाही.

घरच्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "हे करून होणार काय?" त्याचं खरं उत्तर द्यायला पाहिजे. नुसत्या बी.ए.वर कुणी मानसोपचार करू शकत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट हा एम.बी.बी.एस.नंतर शिकलेला डॉक्टर, तोच औषध लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याची व्याख्या दिलेली आहे, आणि त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं शिक्षण लागतं. आतापर्यंत एम.ए. आणि मग दोन वर्षांची एम.फिल. हा राजरस्ता होता. एम.फिल.च बंद होत असल्याने यूजीसीने या विषयापुरती प्रवेशाची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली होती. परिषदेने त्याजागी नवे अभ्यासक्रम आणले आहेत, त्यात बारावीनंतरची चार वर्षांची बी.एस्सी. क्लिनिकल सायकॉलॉजी ऑनर्सही आहे. ज्याला उपचाराकडेच जायचंय त्याने बी.ए.ला ॲडमिशन घेण्याआधी हा पर्याय पाहावा, कारण त्यात मधूनच शिरणं अवघड. शाळा-कॉलेजात समुपदेशक, कंपन्यांत एचआर, संशोधन, अध्यापन, ही बाकीची दारं एम.ए.नंतर उघडतात. म्हणजे घरी सांगताना तीन वर्षं नाही, पाच वर्षं सांगा.

गरज किती आहे हे सांगायला फार आकडे नकोत. देशात एक लाख लोकांमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ आहे, पूर्ण एकसुद्धा नाही. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. आमच्याकडे माणूस गप्प गप्प राहायला लागला तर आधी देवाला नेतात, मग पाहुण्यांकडे, आणि फार उशिरा डॉक्टरकडे. २०२२ पासून १४४१६ हा टेलि-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीतूनही बोलता येतं. गावात किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

आता थोडं आपल्याविषयी. ही मॅगझिन वाचणाऱ्यांत तिसऱ्या सेमिस्टरला दोन बॅक घेऊन बसलेला आणि "मला खरं तर सायकॉलॉजी करायची होती" म्हणणारा एकतरी असणारच. त्याला माझं सांगणं, इंजिनिअरिंगचे क्रेडिट बँकेत राहतील, पण मानसशास्त्राच्या मेजरमध्ये थर्मोडायनॅमिक्सला जागा नाही. फार तर ते इकडच्या तिकडच्या ऐच्छिक खणांत बसतील. मधेच सोडलंस तर जवळजवळ पहिल्या वर्षापासून सुरुवात. त्यापेक्षा पदवी पूर्ण करून वर जाणं सोपं. २०२४ च्या यूजीसीच्या पदव्युत्तर आराखड्याप्रमाणे कोणत्याही शाखेचा पदवीधर त्या विषयाची प्रवेश परीक्षा पास होऊन दुसऱ्या विषयाच्या एम.ए.ला जाऊ शकतो. सगळी विद्यापीठं अजून तसं घेत नाहीत, काहींना पदवीला मानसशास्त्र हवंच असतं, तेव्हा आधी पाहून घ्यावं. शिवाय आपल्यासाठी एक बाजूचा रस्ता आहे तो कॉग्निटिव्ह सायन्सचा. आयआयटी गांधीनगरला त्याची एम.एस्सी. आहे, अलाहाबाद विद्यापीठातही त्याचं केंद्र २००२ पासून आहे. प्रोग्रॅमिंग आणि गणित येणाऱ्याला तिथे कमी लेखत नाहीत.

शेवटी कागदपत्रं, कारण आपल्याकडे ॲडमिशन बुद्धीवर कमी आणि झेरॉक्सवर जास्त अडते. कॉलेज बदलताना आधी नव्या कॉलेजात जाऊन विचारायचं, दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्रात जागा आहे का. पहिल्या वर्षाचे काही विद्यार्थी गळतात, तेवढ्याच जागा रिकाम्या होतात, त्यामुळे निकालाची वाट न बघता मे महिन्यातच एक चक्कर मारावी. अंबडहून पाचोडमार्गे एसटीने दोन-अडीच तास लागतात, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. "जागा आहे, घेऊ" असं उत्तर मिळालं की ते शक्य तर लेखी घ्यावं, आणि त्यानंतरच जुन्या कॉलेजातून टीसी काढावी. आधी टीसी काढून हातात घेऊन फिरणारी पोरं दरवर्षी दिसतात, ना इकडची ना तिकडची. विद्यापीठ बदलत असेल तरच मायग्रेशन सर्टिफिकेट. त्याला वेळ लागतो, अर्ज निकालाच्या आठवड्यातच टाकावा. पहिल्या वर्षाचा एखादा विषय राहिला असेल तर नवं कॉलेज एटीकेटीवर घेणार का हे आधी विचारावं, बहुतेक ठिकाणी बाहेरून येणाऱ्याला कुरकुर करतात. क्रेडिट बँकेच्या खात्यात पहिल्या वर्षाचे क्रेडिट खरंच चढलेत का ते डिजिलॉकर उघडून स्वतः बघावं. चढले नसतील तर ते चढवून घेण्याचं काम जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागाचं, आणि टीसी नेल्यावर तिथे आपल्याला कोण ओळखतं?

शिष्यवृत्तीचं मात्र नीट जपावं. महाडीबीटीवर पहिल्या वर्षाचा अर्ज एका कॉलेजातून भरलेला असतो, दुसऱ्या वर्षी नूतनीकरण दुसऱ्या कॉलेजातून करायचं असतं. अभ्यासक्रम तोच, वर्ष पुढचं, असं असेल तर प्रश्न सुटतो. पण मानसशास्त्रासाठी पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात केली, तर त्याच पातळीवर दुसऱ्यांदा शिकतोय असं धरून शिष्यवृत्ती अडू शकते. वसतिगृहासाठी स्वाधार किंवा पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना यांतलं आपल्याला काय लागू आहे, ते समाजकल्याण कार्यालयात जालन्यालाच विचारून घ्यावं, आणि विचारताना "कॉलेज बदललं तर काय?" हा प्रश्न आपणहून विचारावा, कारण तो नियम कुणी आपणहून सांगत नाही. उत्पन्नाचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा लागतो. सेतूमध्ये जूनमध्ये रांग असते, एप्रिलमध्ये नसते.